दोन सायकली आणि एक हिशेब

हे सदर नेमाने वाचणाऱ्यांना माझी सायकल ठाऊक आहे. तिची चेन, तिचा डायनॅमो आणि तिच्यावरून आमच्या सौभाग्यवतींनी वेळोवेळी काढलेले उद्गार, सारे येथे येऊन गेले आहे. तेव्हा या उन्हाळ्यात मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेळेवर परत केले, शिल्लक रजा मागून घेतली आणि सायकल चालवण्यासाठी थेट हॉलंड गाठले, याचे कोणाला नवल वाटू नये. सौभाग्यवतींना वाटले. "पुण्यातले रस्ते संपले वाटतं?" एवढेच त्या म्हणाल्या.

उट्रेख्त शहरात माझा कॉलेजातला मित्र गेली अठरा वर्षे राहतो. बेत असा होता की, ऱ्हाईन नदी समुद्राला मिळते तेथून, म्हणजे हुक फान हॉलंडपासून निघायचे आणि नदीच्या काठाकाठाने उलटे वर जायचे, ते पार जर्मनीच्या दक्षिण टोकाच्या कॉन्स्टान्स गावापर्यंत. या नदीच्या काठी किलोमीटरच्या पाट्या आहेत. कॉन्स्टान्सच्या पुलापाशी शून्य, आणि समुद्राजवळ १०३६. आम्ही उलटे जाणार, म्हणजे आकडा रोज कमी होणार. "वय उतरत चाललंय असं वाटेल बघ!" मित्र म्हणाला.

त्याची रजा जूनमध्ये सुरू होणार होती. तोवर तीन आठवडे मी त्याच्या घरचा पाहुणा.

ते घर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या तीन काडेपेट्या, आणि जिना असा की त्याला शिडी म्हटले तर शिडीला राग येणार नाही. सकाळी पाव, लोणी आणि त्यावर भुरभुरलेले चॉकलेटचे दाणे. आपल्याकडे पोराने हट्ट केला तरी मिळणार नाही, असला खाऊ तिकडे मोठी माणसे गंभीर चेहऱ्याने खाऊन कचेरीला जातात. रविवारी मात्र वहिनी पोहे करीत, आणि त्या दिवशी घर शनिवार पेठेत असल्यासारखे वाटे.

सायकलीचे शिक्षण मित्राच्या बारा वर्षांच्या मुलीने माझ्याकडून पुन्हा करवून घेतले. तिकडच्या साध्या सायकलीला ब्रेक पायात असतो. पायडल उलटे फिरवले की गाडी थांबते. पुण्यात उलटे पायडल मारणे हा उताराचा शौक. त्या सवयीने मी पहिल्याच दिवशी एका बेकरीसमोर आडवा झालो. "काका, वळताना हात दाखवायचा असतो," ती शांतपणे म्हणाली, "पडताना नाही दाखवला तरी चालतो."

दुसरी फजिती स्टेशनावर. तेथे २०१९ साली पुरा झालेला सायकलतळ आहे. साडेबारा हजार सायकली राहतात, जगातला सर्वांत मोठा म्हणतात. मी सायकल ठेवली, पण जागेचा आकडा पाहून ठेवला नाही. पुढचा पाऊण तास कसा गेला, ते विचारू नका.

हॉलंडात चढ नाही हे खरे, पण समोरून वारा येतो आणि चढाची सारी कसर भरून काढतो. आम्ही संध्याकाळी सरावाला जात असू. तिथल्या सायकलवाटांवर नाक्यानाक्याला आकडे लावलेले असतात. निघताना आकड्यांची यादी चिठ्ठीवर लिहायची आणि त्या क्रमाने जायचे. गावांची नावे ज्याच्या जिभेवर बसत नाहीत, त्याच्यासाठी याहून मोठी सोय नाही. सत्तरीच्या आज्या मला मागे टाकून जात. मित्र थांबून वाट पाही, पण बोलत नसे.

तिकडे त्या दिवसांत उजेड रात्री दहापर्यंत रेंगाळतो. जेवणे झाली की टेबलावर नकाशा पसरायचा. एका रात्री मित्राने गंमत सांगितली. ऱ्हाईनची लांबी १३२० किलोमीटर असे कित्येक वर्षे ज्ञानकोशांतही छापत होते. २०१० साली एका जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ती १२३० च्या आसपास आहे. कधी काळी कोणीतरी दोन आकडे उलटसुलट लिहिले असावेत, आणि बाकीच्यांनी विश्वासाने उतरवून घेतले.

मी हसलो, पण माझ्या खात्यावरही तसलीच एक जुनी चूक होती.

१९९९ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे पुण्याहून कन्याकुमारीला सायकलने जाणार होतो. मुंबईचे पारशी तरुण १९२३ साली सायकलने जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे तो पुरा करून १९२८ साली परतले, हे वाचून आम्ही पेटलो होतो. निघायच्या तीन दिवस आधी मी निरोप धाडला : आईची तब्येत बरी नाही. खरे कारण, माझ्याकडे माझ्या वाटणीचे दोन हजार रुपये नव्हते.

आणि आता पुन्हा तेच. मित्र हॉटेले निवडी, "हे छान आहे, नदीवरच आहे," म्हणे, आणि मी मनात शंभराने गुणी. युरोचा भाव काहीही असो, गुणायला शंभर सोपे. घराचे हप्ते, मुलाची फी, विमानाचे तिकीट, यांनंतर त्या गुणाकाराला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी "हो, छान" म्हणत होतो आणि कोणते कारण सांगून मागे फिरावे, ते शोधत होतो.

"भावोजी," वहिनी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "तुम्ही नदीपेक्षा खालच्या आकड्याकडेच जास्त बघता."

मग मी दोन्ही सांगून टाकले. आताचे आणि तेव्हाचे.

मित्र बराच वेळ नकाशाची घडी सारखी करीत बसला. मग म्हणाला, "तुझ्या आईला बघायला मी दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी आलो होतो. तू नव्हतास. काकू चकल्या तळत होत्या. मला चार दिल्या. मी त्या खाल्ल्या आणि परत आलो. लेका, इतकी वर्षं मला वाटत होतं, तुला माझ्याबरोबर यायचंच नव्हतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"तू सांगितलं का नाहीस?"

पैसे मी भरतो, असे तो म्हणाला, आणि मी नको म्हटले. दोघेही थोडे चिडलो. तंटा वहिनींनी मिटवला. त्या शिडीवजा जिन्याने माळ्यावर गेल्या आणि एक जुना तंबू खाली घेऊन आल्या. ऱ्हाईनच्या काठी तंबू ठोकण्याच्या जागा पुष्कळ आहेत. हॉटेले खोडली, हिशेब नव्याने मांडला. या वेळी तो दोघांनी मोठ्याने वाचला.

निघायच्या आदल्या रात्री घरात भाजणीचा वास सुटला. जूनमध्ये, हॉलंडात! "शिदोरी आहे," वहिनी म्हणाल्या. डबा माझ्या सायकलीला बांधला.

प्रवास कसा झाला, ते पुढे सवडीने लिहीनच. आज अंक हातात घेऊन फराळाला बसला असाल. ताटातली चकली मोडण्यापूर्वी आठवून पाहा, एखाद्या जुन्या मित्राला एखादे खरे कारण सांगायचे राहिले आहे का?