नवकारशीनंतरचा चहा

सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी येते. बीड, अंबाजोगाई, कडा येथील व्यापारी घरांत थंडीच्या दिवसांत त्या वेळी जवळजवळ आठ वाजलेले असतात. दुकान उघडण्याची घाई असते आणि खाखऱ्याच्या ताटलीशेजारी चहाचा कप येतो. हा चहा कसा असावा, याचा विचार सहसा आल्यापाशी थांबतो. ओले आले कंदमूळ म्हणून वर्ज्य. वाळलेली सुंठ चालते, तिच्या जोडीला वेलची. गवती चहाची पात अष्टमी-चतुर्दशीला लिलोतरीच्या त्यागात बाजूला राहते. एवढी दक्षता बाळगणाऱ्या घरात पत्ती मात्र ‘रंग चांगला येतो’ एवढ्यावरच निवडली जाते.

रंग देणारी ती पत्ती म्हणजे सीटीसी. दातेरी रुळांत पाने चिरडून वळलेले हे दाणे. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात सुरू झाली. दाणा बारीक असल्याने अर्क झपाट्याने उतरतो, दुधातही टिकतो आणि किलोमागे कप अधिक निघतात. व्यापाऱ्याला हा हिशेब पटणारच! दार्जिलिंग वा निलगिरीची पानांची पत्ती याउलट सौम्य. ती उकळायची नसते. गरम पाण्यात तीन-चार मिनिटे झाकून ठेवली की पुरे.

कडक चहाची खरी किंमत पर्युषणात कळते. उपवासाच्या दुपारी कपाळ ठणकू लागते आणि त्याला अशक्तपणा समजले जाते. पुष्कळदा ते कॅफिन अचानक तुटल्याचे दुखणे असते. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ते सुरू होते आणि एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचते. बेला-तेला करू इच्छिणाऱ्याच्या नेमके आड येते. म्हणून न्याहारीला असा चहा निवडावा, जो सोडता येईल. दाणेदार पत्ती निम्मी करून तेवढीच पानांची पत्ती मिसळावी, पाणी उतरवून त्यात ती टाकावी, दूध निराळे तापवून ओतावे. रंग फिका येईल, वडीलधारी मंडळी कुरकुरतील. पर्युषणाच्या दोन आठवडे आधीपासून मात्र कपांची संख्याही कमी करीत न्यावी.

न्याहारीसोबतच चहा घ्यावा काय, हा प्रश्न उरतोच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणाआधी व नंतर किमान एक तास चहा टाळण्यास सांगितले आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही, आणि शाकाहारी माणसाचे लोह तर धान्य, कडधान्य, भाजी यांतूनच यायचे. पुरुष मंडळी आपला कप दुकानात दहाच्या सुमारास घेऊ शकतात. तेथे तो तसाही येतोच. अडचण गृहिणीची आहे. सर्वांच्या ताटल्या उचलून झाल्यावर ती उरलेला खाखरा आणि निवलेला चहा एकदमच घेते. तिचा चहा तासभर पुढे जावा असे वाटत असेल, तर आधी तिची न्याहारी इतरांबरोबर, वेळेवर झाली पाहिजे.