40 केबीतला जॅकी चॅन

चित्रपटावर काढलेला व्हिडिओ गेम टाकाऊच असणार, असं आता सगळे धरूनच चालतात. पोस्टरवरचा चेहरा उचलायचा आणि चित्रपट थिएटरात आहे तोवर माल खपवायचा, एवढाच तो धंदा मानला जातो. याला कारणंही आहेत. 'ई.टी.' हा चित्रपट 1982 साली जगभर गाजला आणि अटारी कंपनीनं त्याच नाताळच्या बाजारासाठी त्याचा गेम पाचेक आठवड्यांत उरकून घेतला. न खपलेल्या कॅसेटी पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत कचऱ्याच्या खड्ड्यात पुरल्या गेल्या आणि 2014 साली उकरून काढल्या गेल्या.

मला मात्र अशा एका गेमबद्दल लिहायचं आहे, जो मारामारीच्या चित्रपटावरचा असूनही उत्तम आहे. नव्वदीच्या दशकात आमच्या धाराशिव जिल्ह्यात ज्याच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यानं तो बहुतेक खेळलेला आहे. तो चित्रपटावर आहे हे माहीत असणारी माणसं मात्र मला फार भेटली नाहीत.

आम्ही त्याला नुसतं 'कुंग फू' म्हणायचो.

तुळजापुरात बसस्टँडजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी रेडिओपासून सुरुवात केली, मी टीव्हीवर आलो आणि त्या काळात टीव्हीबरोबर व्हिडिओ गेमही टेबलावर येऊ लागले. मीडिया, मिताशी आणि कितीतरी बिननावाचे. व्होल्टेज वरखाली झालं की अॅडॉप्टर जळायचे. रिमोटमधलं काळं रबर झिजायचं आणि बटण लागेनासं व्हायचं. दुरुस्ती झाली की सेट चालू करून बघावा लागतो आणि त्यासाठी मी नेहमी 'कुंग फू'च लावायचो. त्यात चारही दिशा आणि दोन्ही बटणं पहिल्याच मिनिटात वापरली जातात. पुढं बघणं राहिलं बाजूला, आणि मी तो खेळू लागलो.

'64 इन 1' असं छापलेली कॅसेट उघडली, तर आत हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक काळा ठिपका असतो. चिप त्याखाली झाकलेली असते. अशा कॅसेटीत 'कुंग फू' हटकून सापडायचा आणि त्यामागं तांत्रिक कारण आहे. हा गेम जेमतेम 40 केबीचा आहे. 32 केबीत खेळाची सगळी अक्कल आणि 8 केबीत चित्रं. तो चालवायला कॅसेटीत जास्तीचं सर्किट लागत नाही, म्हणून नकला करणाऱ्यांना असले छोटे गेम एकाच चिपवर कोंबणं सोपं जायचं. आज मोबाइलवर येणारा 'शुभ सकाळ'चा एक फोटोसुद्धा बहुधा त्याहून मोठा असतो.

आता खेळाकडं येतो. पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस, नाव थॉमस. पाच मजल्यांची इमारत. वरच्या मजल्यावर सिल्व्हिया नावाची मुलगी डांबून ठेवलेली. पहिल्या मजल्यावर उजवीकडून डावीकडं जायचं, जिना चढायचा, दुसऱ्यावर उलट दिशेनं. प्रत्येक मजल्याच्या शेवटी एक बॉस: पहिला काठीवाला, मग बूमरँग फेकणारा, मग धिप्पाड पैलवान, मग जादूगार आणि सर्वात वर मिस्टर एक्स. एका बटणावर ठोसा, दुसऱ्यावर लाथ. वरचं बटण दाबलं की उडी, खालचं दाबलं की बैठक. बाकी काही नाही. बंदूक नाही, विकत घ्यायची ताकद नाही.

साधे गुंड मारायला येत नाहीत, मिठी मारायला येतात. अंगाला चिकटले की पॉवरची पट्टी सरसर उतरते आणि डावं-उजवं झटकून त्यांना सोडवावं लागतं. लाथ लांब पोचते, पण गुण कमी. ठोसा आखूड आहे, पण त्याला गुण जास्त, कारण त्यासाठी माणूस अगदी जवळ येऊ द्यावा लागतो. म्हणजे दर सेकंदाला खेळणाऱ्याला ठरवायचं असतं की किती धोका पत्करायचा. चाकू फेकणारा समोर उभा असतो, मागून दोघं धावत येत असतात आणि वर घड्याळ उतरत असतं. हाणामारीच्या चित्रपटात आपण खुर्चीच्या कडेला येऊन जे बघतो, ते अंतर आणि ती अचूक वेळ या गेमनं हातात दिली. हे काम 40 केबीत झालं, याचा मला अजूनही आदर वाटतो.

हा गेम जपानच्या आयरेम कंपनीनं 1984 साली आर्केड यंत्रासाठी काढला. जपानी नाव 'स्पार्टन एक्स'. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी आलेल्या 'व्हील्स ऑन मील्स' या चित्रपटाचं जपानमधलं नाव तेच होतं. दिग्दर्शक सॅमो हंग, कलाकार जॅकी चॅन, युएन बियाओ आणि स्वतः सॅमो हंग. जॅकी चॅनच्या पात्राचं नाव थॉमस, मुलीचं नाव सिल्व्हिया. जपानबाहेर गेम 'कुंग-फू मास्टर' किंवा 'कुंग फू' या नावानं गेला, चित्रपटाची खूण पुसली गेली आणि आपल्यापर्यंत पोचला तो असा अनाथ होऊन.

चित्रपट मी फार उशिरा, मोबाइलवर बघितला. बार्सिलोनात गाडीवर खाणं विकणारे दोघं, त्यांच्यात येऊन पडलेली एक मुलगी, तिला पळवून किल्ल्यात नेलं जातं. शेवटी जॅकी चॅन आणि बेनी उर्किडेझ यांची लढत आहे. उर्किडेझच्या लाथेच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझतात तो प्रसंग त्यातलाच. मारामारीच्या चित्रपटांत याहून चांगली लढत मी पाहिलेली नाही. पण पाच मजल्यांची इमारत त्या चित्रपटात कुठंच नाही!

ती आली ब्रूस लीकडून. 'गेम ऑफ डेथ' हा त्याचा चित्रपट 1973 साली त्याच्या मृत्यूमुळं अर्धवट राहिला. मजल्यामागून मजला चढायचा आणि प्रत्येक मजल्यावर वेगळ्या विद्येचा लढवय्या, ही कल्पना त्यातली. गेम करणारे ताकाशी निशियामा यांनी जॅकी चॅनच्या चित्रपटातून नावं आणि सुटकेची गोष्ट घेतली, ब्रूस लीकडून चढण घेतली आणि बाकीचं सगळं सोडून दिलं. गाडी नाही, बार्सिलोना नाही, विनोद नाही. जॅकी चॅनचा चेहरासुद्धा नाही, कारण तेवढ्या ठिपक्यांत चेहरा बसतच नव्हता. माझ्या मते हा गेम तिथंच जिंकला.

निशियामा पुढं कॅपकॉममध्ये गेले आणि 1987 साली त्यांनी 'स्ट्रीट फायटर' केला. टीव्हीवर चालणारा 'कुंग फू' 1985 च्या जूनमध्ये निन्टेंडोनं बाजारात आणला, तो शिगेरू मियामोटो यांच्या हाताखाली तयार झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात मियामोटो यांचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. आमच्या पोरांना कॅसेटीत हे दोन्ही शेजारी-शेजारी मिळायचे.

आपल्याकडं चित्रपटांवरचे गेम झाले ते बहुतेक ताऱ्याच्या चेहऱ्यावर. 'गजनी'चा गेम 2008 साली हैदराबादच्या एफएक्सलॅब्सनं काढला, 2011 साली 'रा.वन'चा प्लेस्टेशनवर आला. मेहनत करणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पण 'गजनी'च्या गोष्टीतच केवढा मोठा खेळ दडलेला आहे बघा. दर 15 मिनिटांनी नायकाची आठवण पुसली जाते आणि अंगावर गोंदलेलं तेवढं उरतं. तोच नियम खेळणाऱ्यावर लादायचा. काय गोंदून ठेवायचं हे त्यानं ठरवायचं, बाकी सगळं जाणार. असा गेम चेहऱ्याशिवायही जगला असता आणि आजही कुणीतरी खेळत बसलं असतं.

मराठीत तर अशा गेमसाठी सोन्यासारखी गोष्ट पडून आहे. दिग्पाल लांजेकरांचा 'पावनखिंड' 2022 साली आला, धाराशिवकडच्या लोकांनीही तो डोक्यावर घेतला. 13 जुलै 1660 ची ती लढाई जिंकण्यासाठी नव्हतीच. शिवाजी महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत, तोफांचे आवाज येईपर्यंत, बाजीप्रभूंनी आणि बांदल मावळ्यांनी खिंड अडवून धरायची होती. 'कुंग फू'त घड्याळ खेळणाऱ्याच्या विरुद्ध पळतं. इथं वेळ काढणं हीच कामगिरी. खिंड अरुंद, म्हणून एका वेळी थोडेच शत्रू समोर येणार. आपली माणसं एकेक करून पडणार, ती परत येणार नाहीत. तोफ कधी वाजणार हे पडद्यावर दिसणार नाही, ऐकत राहायचं. पुढं सरकायचं नाही आणि मागं हटायचं नाही, एवढाच नियम. या गेमला चित्रपटात बाजीप्रभू झालेल्या अजय पुरकरांचा चेहरा हुबेहूब काढायची गरज नाही. 40 केबीत तो बसेल, अशी माझी खात्री आहे.

करणारे लोक आपल्याकडं आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 साली 'राजी' काढला. त्यात एक मुलगी भावाला शोधायला निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. पहिल्याच गेमला परदेशातल्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये नामांकन मिळालं. आई तुळजाभवानीच्या गावात राहणाऱ्या मला तो गेम बघताना काय वाटलं असेल, हे वेगळं सांगायला नको.

तुळजापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि जिल्ह्यातल्या सगळ्याच संगणकाच्या पोरापोरींना माझं सांगणं आहे: शेवटच्या वर्षाला हजेरीचं अॅप करण्यापेक्षा पावनखिंडीचा एक पडदा करा. दोन बटणं, एक खिंड, एक न दिसणारं घड्याळ. चालवून बघायला जुना टीव्ही, चालू स्थितीतला सेट आणि दोन रिमोट माझ्या दुकानात आहेत, त्याचे पैसे मी घेणार नाही. आणि माळ्यावर कुणाची जुनी कॅसेट पडली असेल तर ती भंगारात घालू नका. पट्टीवरच्या पिना खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि लावून बघा, बऱ्याचदा ती चालू होते.