पेढीच्या नावाची किल्ली

दुकानाची कागदपत्रे कोणाच्या नावावर आहेत, हे घरातील प्रत्येक कर्त्या माणसाला ठाऊक असते. पेढीचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, असे विचारले, तर मात्र अनेकांना संकेतस्थळ करून देणाऱ्याला फोन करावा लागतो. ज्या पत्त्यावर मागण्या व बिले येतात, त्याची किल्ली परक्या हाती असणे हिताचे नव्हे.

डोमेन कायमचे विकत मिळत नाही. ते एका वेळी फार तर 10 वर्षांसाठी नोंदविता येते. मुदत संपून ते बंद पडले, की संकेतस्थळाबरोबर ई-मेलही थांबते. ‘डॉट कॉम’ नाव नोंदणीतून काढले गेल्यावर 30 दिवसांत परत मिळविता येते, परंतु त्यासाठी सहसा बरेच जादा शुल्क पडते. पुढे ते कोणीही घेऊ शकतो. म्हणून नोंदणी पेढीच्या किंवा मालकाच्या नावे असावी. नूतनीकरणाच्या सूचनांसाठी त्याच डोमेनवरील पत्ता देऊ नये. डोमेन बंद पडल्यावर त्या सूचना पोहोचणार कशा?

डोमेन आणि ई-मेलची सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेवा बदलली तरी पत्ता तोच राहतो; ‘एमएक्स’ नोंद तेवढी बदलावी लागते. नवी नोंद सर्वत्र पोहोचण्यास वेळ लागतो. तोवर जुनी सेवा चालू ठेवावी व जुना पत्रव्यवहार उतरवून घ्यावा.

आणखी तीन नोंदी महत्त्वाच्या आहेत. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्र पाठवावे, हे ‘एसपीएफ’ सांगते. ही नोंद एकच असावी. ‘डीकेआयएम’ पत्रावर सही उमटविते. तपासणीत न टिकणाऱ्या पत्राचे काय करावे, हे ‘डीमार्क’ ठरविते. प्रारंभी ती केवळ निरीक्षणावर ठेवावी आणि आपली सर्व पत्रे नीट पोहोचतात, अशी खात्री झाल्यावर कडक करावी.

या नोंदी नसल्यास ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र आपल्या नावाने ग्राहकाला पाठविणे भामट्यांना सोपे जाते. मात्र एखादे अक्षर फिरवून घेतलेल्या मिळत्याजुळत्या डोमेनला या नोंदी अडवीत नाहीत. खाते बदलल्याचे पत्र आले, तर आपल्याजवळील जुन्या क्रमांकावर फोन करूनच पैसे पाठवावेत.

येत्या वहीपूजनाला नव्या वहीच्या एका पानावर डोमेनची मुदत, नोंदणी कोणाच्या नावे आणि कोणाकडे आहे, एवढे लिहून ठेवावे. पासवर्ड मात्र तिजोरीत असावा आणि तो घरातील दोघांना ठाऊक असावा.