‘मोनोटोनस’ म्हणजे काय?

‘मोनोटोनस’ हा इंग्रजी शब्द आपल्या घरांत आता चांगलाच रुळला आहे. नोकरी मोनोटोनस, पावसाळी दिवस मोनोटोनस आणि विलंबित ख्यालही मोनोटोनस! पहिल्या दोहोंविषयी माझी तक्रार नाही. तिसऱ्याविषयी मात्र, दरबारी गवयाचा मुलगा आणि संगीतशिक्षक या नात्याने, चार शब्द लिहिणे भाग आहे.

शब्द मूळचा ग्रीक. ‘मोनोस’ म्हणजे एक. ‘टोनोस’ म्हणजे ताण, आणि त्यावरून स्वर. संस्कृत ‘तन्’ धातू याच गोत्रातला. आपली ‘तान’ आणि ‘तंतू’ त्यातूनच निघाले. मराठीतला ‘एकसुरी’ त्याला नेमका जुळतो. ‘कंटाळा आला’ हे ऐकणाऱ्याच्या मनाचे वर्णन झाले. ‘एकसुरी’ हा गाण्यावर ठेवलेला दोष होय. जिथे बदल हवा तिथे तो न होणे, हा तो दोष. हा भेद विसरला की आपला कंटाळा आपण गाण्याच्या माथी मारतो.

तंबोऱ्याचेच पाहा. ४ तारा : एक पंचम, दोन जोडीचे षड्ज, एक खर्ज. तासन् तास त्याच छेडायच्या. पण जवारी नीट लागली असेल तर खर्जाच्या तारेतून, कोणीही न मिळवलेला, गंधार ऐकू येतो. याला एकसुरी कोण म्हणेल? आपल्या ग्वाल्हेर गायकीतला तिलवाड्याचा ख्यालही तसाच. १६ मात्रांचे आवर्तन तेच राहते, म्हणूनच समेवर येण्याची प्रत्येक नवी वाट कळते.

उलट, जो गवई प्रत्येक रागात त्याच वळणाच्या ताना घेतो, त्याचे गाणे कितीही द्रुत असो, त्याला कितीही टाळ्या पडोत, ते एकसुरीच. तसे स्पष्ट म्हणावे. नाव मोठे आहे म्हणून गप्प बसू नये.

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हापासून गाण्याचा आश्रय दरबाराकडून श्रोत्यांकडे आला. श्रोत्याचा शब्दच बोथट झाला, तर खरे गाणे आणि कसरत यांची निवड करायची कोणी?

म्हणून घरातले मूल ‘मोनोटोनस’ म्हणाले तर त्याला दटावू नये. “बदल कुठे हवा होता?” एवढेच विचारावे. उत्तर आले, तर मूल ऐकू लागले आहे असे समजावे. न आले, तर त्याला १० मिनिटे तंबोऱ्याजवळ बसवावे.