झोपेतलं 'बाहेरचं' आणि भिंतीवरचं घड्याळ

मंडळी, या शनिवारी कोडबिड काही नाही. विषय झोपेचा आहे. झोप न येण्याचा नव्हे (ते रडगाणं आपल्या क्षेत्रात रोजचंच), तर झोपेत माणूस जे काही करतो त्याचा. किंचाळणं, चालणं, लाथा झाडणं. डॉक्टरी भाषेत याला पॅरासोम्निया म्हणतात.

आमच्या कसबा बावड्यात याला एकच नाव: 'बाहेरचं'. राजाराम कारखाना झाला, डी. वाय. पाटील मेडिकल कॉलेज झालं, पण चार वर्षांचं पोर रात्री अकराला किंचाळत उठलं की आजी मीठ-मोहऱ्या घेऊन हजर! तिला तरी दोष कसा देणार? पोराचे डोळे उघडे, अंग घामानं भिजलेलं, आईलाच ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलून देतंय. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. "कायतरी बाहेरचं लागलंय बघ," असं शेजारीण म्हणते आणि सगळ्यांना ते पटतं.

खरा प्रकार असा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत झोप सगळ्यात गाढ असते. तिच्यातून मेंदू कधीकधी अर्धाच जागा होतो. हातपाय हलवणारा भाग चालू, माणसं ओळखणारा आणि आठवण ठेवणारा भाग बंद. आपल्या भाषेत, मशीन अर्धवट बूट झालंय. काही मिनिटांत पोर आपोआप शांत झोपतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. वाईट स्वप्न वेगळं. ते बहुतेक पहाटेकडे पडतं, पोर पूर्ण जागं होतं, आईला बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं.

आता गंमत बघा. हा झटका थांबायला जेवढी मिनिटं लागतात, साधारण तेवढीच दृष्ट काढायला लागतात. श्रेय कुणाला? मोहऱ्यांना! आणि बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयात आपोआप जातो. तोवर जो अंगारा चालू असेल तो 'गुणकारी' ठरतो.

दृष्ट काढायला माझा विरोध नाही. त्यानं आईचा जीव शांत होतो. विरोध पुढच्या पायरीला आहे. अंगाऱ्यानं भागलं नाही की देवऋषी, मग धुरी, मग मार. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्यांच्या खुनानंतर आला.

मग करायचं काय? पोराला गदागदा हलवून उठवू नका. पडणार नाही, धडकणार नाही एवढं बघा. चालत असेल तर हळूच अंथरुणाकडे वळवा, रात्री दाराला वरची कडी लावा. आणि घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. झटका रोज ठरावीक वेळी येत असेल, तर पंधरा-वीस मिनिटं आधी हलकेच जागं करून पुन्हा झोपवायचं. दोन-चार आठवडे हे केल्यानं बऱ्याच मुलांना फरक पडतो. अपुरी झोप, ताप आणि तुंबलेली लघवी ही नेहमीची निमित्तं. पोर घोरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एका रात्रीत अनेकदा झटके येत असतील, दर वेळी अगदी तशीच हालचाल होत असेल, अंग ताठ होत असेल, तर फिटची शंका घेऊन लगेच डॉक्टर गाठा.

आता दुसरं टोक. साठीचे काका पहाटे झोपेत ओरडतात, गुद्दे मारतात, काकू पलंगाखाली! सकाळी सगळं घर हसतं: "काल कुणाशी कुस्ती होती?" इथे हसू नका. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडून जणू कुलूपबंद असतात. ते कुलूप निकामी झालं की माणूस स्वप्न हातापायांनी जगतो. १९८६ मध्ये अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी या आजाराची नीट नोंद केली. कधी एखादं औषध कारणीभूत असतं. पण दुसरं कारण सापडत नाही, अशांपैकी निम्म्याहून जास्त जणांना पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पार्किन्सन्स किंवा त्याच कुळातला स्मृतिभ्रंश होतो. म्हणून आधी न्यूरॉलॉजिस्ट, आणि पलंगाजवळचं टोकदार सामान आजच हलवा.

म्हणजे आपलं सगळं उलटं चाललंय. पोराच्या बाबतीत आपण नको तितके घाबरतो आणि म्हाताऱ्याच्या बाबतीत नको तिथे हसतो.

आणि मधले आपण? यूएस शिफ्ट, शुक्रवारची दारू, वर झोपेची गोळी. मोठेपणी झोपेत चालण्याला यातलं काहीही निमित्त होऊ शकतं. झोल्पिडेमसारख्या गोळ्यांवर तर अमेरिकेच्या एफडीएनं २०१९ मध्ये नेमक्या याच कारणासाठी सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. हॉस्टेलवर रूममेटनं उडवलेली टर आठवून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा.

बग कळवताना आपण काय देतो? वेळ, लॉग, स्क्रीनशॉट. इथेही तेच. किती वाजता झालं, किती मिनिटं चाललं, सकाळी आठवलं का, आणि जमल्यास मोबाईलवर काढलेला व्हिडिओ. डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं. मोहऱ्या नंतर ओवाळा हवं तर, आधी घड्याळ बघा :)