घाट चढल्यावर

या मे महिन्यात आमच्या धाकटीला पदवी मिळाली आणि त्याच महिन्यात घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ताही गेला. स्टेट कॉलेजात २६ वर्षं ज्यासाठी धावपळ केली, ते एकदाचं झालं. आता निवांत, असं आम्ही दोघांनी ठरवलं खरं. पण दुसऱ्याच दिवशी पहाटे साडेपाचला डोळे टक्क उघडे! डबा करायचा नाही, बस गाठायची नाही. मग काय, तळघर आवरलं, वाफे खणले, गॅरेज रंगवायला काढलं. आठवड्याभरात पूर्वीपेक्षा जास्त दमलो.

गाव मात्र सुस्तावलेलं. पेन स्टेटचे ४० हजारांवर विद्यार्थी. ते सुट्टीला पांगले की कॉलेज ॲव्हेन्यूवरही गाडी लावायला जागा मिळते. गावाला सुट्टी घेता येते, आम्हालाच येत नव्हती.

एका रविवारी लेमाँटहून माउंट निटनी चढलो. वरून विद्यापीठ, स्टेडियम सगळं दिसत होतं. आम्ही घड्याळ पाहिलं आणि लगेच उतरायला वळलो. तेवढ्यात सासवडचे अप्पा आठवले.

ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला येते. पंढरपूर अजून लांब असतं, तरी तिथे दोन मुक्काम करते. एरवीही दुपारचा विसावा आधीच ठरलेला. अप्पा फोनवर म्हणायचे, "अरे, माउलीसुद्धा घाट चढल्यावर थांबते. तुम्हाला कसली घाई? सावकाश राहायला या." आमचं ठरलेलं उत्तर, "कर्ज फिटू दे अप्पा, मग येतो." जायचो ते पंधरा दिवसांसाठी, त्यातही बँक, खरेदी, लग्नं. ओसरीवर त्यांच्याशेजारी नुसतं बसणं राहूनच गेलं. तीन वर्षांपूर्वी अप्पा गेले. कर्ज फिटलं ते आत्ता.

तिथेच एका दगडावर बसलो. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. मग अप्पांविषयी बोलायला लागलो आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघंही मनमोकळं रडलो.

विसावा म्हणजे शेवटी मिळणारं बक्षीस, असं आम्ही धरून चाललो होतो. वारीत तो वाटेतच असतो.

आता जानेवारीत आईकडे सासवडला जातोय. कामांची यादी न घेता. कालनिर्णयावर रविवारच्या चौकोनात एकच शब्द लिहिलाय, 'विसावा'. गॅरेज अर्धंच रंगलंय. राहू दे.