खुणा वाचकांच्या, मालकी कोणाची?

ग्रंथालयातील तालिका तयार करणाऱ्याला वेतन मिळते. महाजालावरील एक अवाढव्य तालिका मात्र असंख्य वाचकांनी विनावेतन तयार केली, आणि ती बाजारात विकली गेली तेव्हा त्या निर्णयात त्यांना स्थान नव्हते. या व्यवहाराला ‘मोफत सेवा’ असे गोंडस नाव आहे. श्रम आणि मालकी यांचा प्रश्न मांडणाऱ्यांनी तरी या नावाला भुलता कामा नये.

२००३ साली अमेरिकेत जोशुआ शॅक्टर यांनी ‘डेलिशस’ हे संकेतस्थळ सुरू केले. वाचलेल्या पानाचा पत्ता तेथे नोंदवायचा आणि त्याला स्वतःच्या शब्दांत खूणचिठ्ठी जोडायची, एवढीच त्याची रीत. परंतु या चिठ्ठ्या परस्परांना दिसत असल्याने एकेका शब्दाखाली अनोळखी वाचकांची निवड एकत्र येई. तज्ज्ञांनी वरून न आखलेल्या, खालून उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेला टॉमस व्हँडर वाल यांनी २००४ मध्ये ‘फोक्सॉनॉमी’, म्हणजे लोकवर्गीकरण, हे नाव दिले.

लोकांनी उभे केलेले हे धन लोकांचे राहिले काय? डिसेंबर २००५ मध्ये ते ‘याहू’ने विकत घेतले. पाच वर्षांनी ते नकोसे झाल्याचे उघड झाले आणि २०११ मध्ये ते दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले. ज्यांनी मुदतीत संमती कळवली नाही, त्यांच्या खुणा पुढे गेल्याच नाहीत. पुढे आणखी हात बदलून २०१७ मध्ये अवघ्या ३५,००० डॉलरला त्याची विक्री झाली आणि नव्या नोंदींना दार बंद झाले.

यंत्रांचा खर्च कंपनीने सोसला, म्हणून मालकीही तिचीच, असा युक्तिवाद केला जातो. गिरणीमालकही हेच म्हणत आला आहे! यंत्रे मालकाची असतील; पण वाचकांनी चिठ्ठ्या लावल्या नसत्या तर त्या यंत्रांत होते काय? प्रत्येकाला आपापल्या खुणा उतरवून नेता येत होत्या, हे खरे. पण एकाच्या खुणेला दुसऱ्याच्या खुणेशी जोडणारा धागा कोणालाही एकट्याने नेता येत नव्हता. आणि खरे मोल त्या धाग्याचेच होते.

तंत्रज्ञान सुधारले की हा प्रश्न सुटेल, अशी आशा काहींना वाटते. चिठ्ठीवरील ‘कर’ म्हणजे हात की सरकारी कर, हे यंत्राला उमगत नाही. म्हणून प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ओळख द्यावी आणि त्यांचे परस्परसंबंध यंत्राला वाचता येतील असे नोंदवावेत, ही ‘अर्थजाला’ची कल्पना टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. कल्पना थोर आहे. त्याच वाटेने २००७ मध्ये ‘फ्रीबेस’ हा ज्ञानकोठार प्रकल्प लोकांच्या हातभाराने उभा राहिला. २०१० मध्ये तो ‘गूगल’ने घेतला, २०१२ मध्ये त्याच्या आधारे आपला ‘नॉलेज ग्राफ’ सजवला आणि २०१६ मध्ये मूळ कोठाराला टाळे ठोकले. अर्थ यंत्राला कळू लागला. मालकी होती तेथेच राहिली.

फ्रीबेसमधील माहिती खुल्या परवान्याखाली होती आणि तिचा काही भाग ‘विकिडेटा’त जाऊ शकला. २०१२ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प नफ्यासाठी चालत नाही; त्यातील नोंदी कोणीही घ्याव्यात, वापराव्यात. त्यांचा लाभ बड्या कंपन्याही उठवतात, हे नाकारता येत नाही. पण त्यांना तेथे टाळे ठोकून बाकीच्यांना बाहेर काढता येत नाही. हा फरक लहान नव्हे.

चळवळीचे जुने अंक, ठराव, अहवाल आणि लढ्यांच्या नोंदी आता महाजालावर येत आहेत. त्यांच्या सूची कंपनीच्या फडताळात ठेवून निर्धास्त राहणे हा भाबडेपणा ठरेल. त्या खुल्या स्वरूपात असाव्यात, त्यांच्या प्रती संघटनांकडे आणि सार्वजनिक ग्रंथालयांकडे असाव्यात, आणि या कामासाठी शासनाने ग्रंथालयांना निधी द्यावा, ही मागणी कार्यकर्त्यांनी नेटाने लावून धरली पाहिजे. ज्यांनी खुणा केल्या, वाटही त्यांच्याच ताब्यात राहिली पाहिजे.